मेसेजबॉक्सची ती ‘एक ओळ’

पायथन शिकवणाऱ्या छोट्या व्हिडिओंत आणि कॉलेजच्या प्रोजेक्ट ग्रुपांवर एक सल्ला कायम फिरत असतो. तो आहे टीकेइंटरबद्दल, म्हणजे पायथनमध्ये खिडक्या आणि बटणं बनवायच्या लायब्ररीबद्दल, आणि तिच्यातल्या मेसेजबॉक्स या तयार पॉपअपबद्दल. गोषवारा असा: ‘टीकेइंटरमध्ये पॉपअप म्हणजे फक्त एक ओळ. महत्त्वाच्या प्रत्येक कामाआधी “नक्की का?” विचारा, म्हणजे वापरणाऱ्याच्या हातून चूक होत नाही. आणि एरर आली की पॉपअपच दाखवा, म्हणजे ती नजरेतून सुटत नाही.’ तिन्ही वाक्यं ऐकायला बरी वाटतात. खरं काम करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिन्ही अंगाशी येतात.

आधी ‘एक ओळ’ बघू. नुसतं टीकेइंटर इम्पोर्ट केलं, म्हणजे प्रोग्रॅममध्ये आणलं, की मेसेजबॉक्स सोबत येत नाही, तो वेगळा इम्पोर्ट करावा लागतो. नाहीतर पहिल्याच रनला ॲट्रिब्यूट एरर, म्हणजे ‘असं काही सापडलं नाही’ अशी तक्रार. जुन्या पायथनमध्ये मुख्य खिडकी बनवलेली नसेल तर संदेशाबरोबर एक रिकामी, बिनकामाची खिडकीही उगवायची, ती विथड्रॉ करून लपवावी लागायची. एकापेक्षा जास्त खिडक्या असतील तर ‘पेरेंट’, म्हणजे पॉपअप कुठल्या खिडकीचा ते, सांगावा लागतो, नाहीतर पॉपअप भलत्याच खिडकीला चिकटतो. हे किरकोळ आहे, तासाभरात कुणालाही जमतं.

खरा घोळ उत्तरात आहे. मेसेजबॉक्स नुसता संदेश दाखवत नाही, तो उत्तर घेऊन परत येतो, आणि ते उत्तर कुठल्या रूपात येतं याबद्दल हा सल्ला चकार शब्द काढत नाही. किराणा दुकानाच्या बिलिंगचा प्रोग्रॅम घ्या. ‘हे बिल डिलीट करायचं का?’ हे विचारायला बरेच जण मेसेजबॉक्समधलं आस्कक्वेश्चन हे फंक्शन वापरतात आणि त्याचं उत्तर थेट ‘इफ’ला, म्हणजे ‘खरं असेल तर कर’ या अटीला, देतात. पण आस्कक्वेश्चन खरं-खोटं देत नाही. ‘यस’ किंवा ‘नो’ असा मजकूर देतं. पायथनच्या लेखी रिकामा नसलेला कुठलाही मजकूर म्हणजे खरं. म्हणजे दुकानदाराने ‘नो’ दाबलं तरी बिल डिलीट! टेस्ट करताना हे सापडतही नाही, कारण आपण हौसेने ‘यस’च दाबून बघतो. तिथे आस्कयसनो हवं, ते ट्रू (खरं) किंवा फॉल्स (खोटं) देतं.

याचा धाकटा भाऊ आणखी बेरकी आहे. बंद करताना ‘बदल सेव्ह करायचे का?’ विचारणारं आस्कयसनोकॅन्सल तीन उत्तरं देतं: ट्रू, फॉल्स आणि कॅन्सलला नन, म्हणजे पायथनमधलं ‘काहीच नाही’. फॉल्स आणि नन दोन्ही ‘इफ’ला सारखेच खोटे. ‘हो असेल तर सेव्ह कर, मग खिडकी बंद कर’ असं सरळसोट लिहिलं की कॅन्सल दाबणाऱ्याचीही खिडकी बंद होते आणि काम जातं. त्याला तर थांबायचं होतं. म्हणून ननची तपासणी सगळ्यात आधी आणि वेगळी करायची.

आता ‘नक्की का?’. दिवसातून शंभरदा तोच चौकोन समोर आला की माणूस वाचणं सोडतो, बोट आपोआप एंटरवर जातं. त्यात टीकेइंटरमध्ये वेगळं सांगितलं नाही तर पहिलं बटण, म्हणजे ‘यस’, डीफॉल्ट असतं: एंटर दाबला की तेच दाबलं जातं. संरक्षण म्हणून लावलेला प्रश्न असा एका एंटरने पार होतो. उपाय प्रश्न वाढवण्यात नाही, चूक परत फिरवता येण्यात आहे. विंडोजमध्ये रीसायकल बिन 1995 पासून आहे, तरी फाइल बिनमध्ये टाकताना प्रश्न यायचाच; 2012 च्या विंडोज 8 मध्ये तो प्रश्न मूळ सेटिंगमधून काढून टाकला. फाइल परत आणता येत असेल तर विचारायचं कशाला? बिलिंगमध्येही बिल लगेच पुसण्याऐवजी ‘रद्द’ अशी खूण करून ठेवा आणि ‘परत आणा’चं बटण द्या.

एररचं बघा. एकच फाइल उघडली नाही तर पॉपअप ठीक आहे. पण दोनशे फाइली एकामागून एक हाताळणाऱ्या लूपमध्ये तो टाकला की प्रत्येक बिघडलेल्या फाइलीला प्रोग्रॅम तिथेच थांबतो. रात्री लावून घरी गेलात तर सकाळी पहिल्याच चुकीवर ‘ओके’ची वाट बघत बसलेला सापडेल. चुका यादीत जमवा, शेवटी एकदाच दाखवा. आणि लूप वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे खिडकीच्या कामाला समांतर, चालत असेल तर तिथून मेसेजबॉक्स उघडूच नका. प्रोग्रॅम कधी गोठतो, कधी कोसळतो. संदेश क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकायचा आणि खिडकी सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडने ‘आफ्टर’ने थोड्या थोड्या वेळाने बघून तो उचलायचा. थांबून उत्तर घेण्याची पद्धत खिडक्या बनवायच्या इतर लायब्ररीही सोडत चालल्या आहेत: 2020 च्या जीटीके 4 मधून थांबवणारं डायलॉग-रन काढूनच टाकलं, आणि क्यूटीचं डॉक्युमेंटेशनही थांबवणाऱ्या एक्झेकऐवजी न थांबवणारं ओपन वापरा म्हणतं.

प्रश्न विचारणं भाग असतं अशा जागा आहेतच. सरलेल्या वर्षाच्या नोंदी कायमच्या पुसायच्या असतील तर जरूर विचारा. मात्र ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असं मोघम नको. ‘2023-24 ची 412 बिलं कायमची पुसली जातील’ असं लिहा आणि डीफॉल्ट ‘नो’वर ठेवा. इथे मराठी ॲपची एक अडचण येते. विंडोजवर मेसेजबॉक्सची बटणं विंडोजच्याच भाषेत येतात, त्यामुळे इंग्रजी विंडोजवर मराठी प्रश्नाखाली ‘यस’ आणि ‘नो’ दिसतात, आणि टीकेइंटरमध्ये ती बदलायची सोय नाही. ‘बिलं पुसा’ आणि ‘राहू द्या’ अशी बटणं हवी असतील तर टॉपलेव्हल (टीकेइंटरची वेगळी खिडकी) वापरून स्वतःची खिडकी बांधावी लागते: ट्रान्झियंटने मुख्य खिडकीवर ठेवायची, ग्रॅब-सेटने बाकीचे क्लिक अडवायचे, वेट-विंडोने उत्तराची वाट बघायची, आणि एस्केप व वरची फुली या दोन्हींना ‘राहू द्या’ जोडायचं. वीसेक ओळी होतात.