‘पंधरा मिनिटांत कंबर कायमची मोकळी’ म्हणे!

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा तिसऱ्यांदा तोच मेसेज फिरला. ‘जुनाट कंबरदुखी? एमआरआय दाखवा, पंधरा मिनिटांत एक सुई, त्रास मुळापासून कायमचा बंद. व्यायाम नको, साइड इफेक्ट शून्य.’ ती सुई, म्हणजे मणक्याच्या सांध्याची बारीक नस उष्णतेने भाजणारी, मी दोन वर्षांपूर्वी ठाण्यातच घेतली आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

‘एमआरआय दाखवा’ इथेच पहिली गडबड. मणक्यांना मागच्या बाजूने जोडणारे छोटे सांधे असतात, फॅसेट. वयाबरोबर ते झिजतात आणि ती झीज एमआरआयमध्ये दिसते. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्यांचीही दिसते. 2015 सालच्या एका मोठ्या आढाव्यात कंबर न दुखणाऱ्या 80 वर्षांच्या लोकांपैकी 83 टक्के जणांचे फॅसेट झिजलेले निघाले. मग दुखणं तिथलंच, हे ठरवायचं कसं? आधी सांध्याच्या बारीक नसेपाशी नुसतं भुलीचं औषध देऊन बघतात. मला पालथं झोपवून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत ते दिलं. उठल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘आता आराम करू नका. ज्याने दुखतं तेच करा.’ घरी येऊन मी वरच्या दोरीवर कपडे वाळत घातले, मान मागे टाकून, हात उंच करून. एरवी तिसऱ्या कपड्याला कळ यायची. त्या दिवशी बादली रिकामी झाली! कॅलेंडरवर दुखण्याचे दहापैकी आकडे लिहिले: 11 वाजता 7, 12 वाजता 2, 4 वाजता परत 6. भूल उतरली आणि दुखणं परतलं, हाच तर पुरावा. दुसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा कुठे खऱ्या सुईची तारीख मिळाली.

‘मुळापासून कायमचा’? सुईच्या टोकाला साधारण 80 अंशांची उष्णता देऊन ती नस भाजतात. सांधा होता तसाच राहतो, फक्त त्याची तक्रार वर पोचत नाही. नस पुन्हा वाढते. गुण आला तर बहुधा सहा महिने ते वर्षभर टिकतो. माझं दहाव्या महिन्यात परत सुरू झालं.

‘व्यायाम नको’ हे तर उलटंच. 2017 मध्ये नेदरलँड्समधल्या 681 रुग्णांवरच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. नुसता व्यायाम आणि व्यायाम अधिक ही सुई, यांत दखल घ्यावी एवढा फरक तिथे दिसला नाही. रुग्ण नीट निवडले नव्हते, असा आक्षेप घेतला गेला, आणि मला तो पटतो. पण माझ्या एकटीच्या गुणावरून तो निष्कर्ष खोडता येत नाही. मला ते दहा महिने व्यायाम करता आला, एवढं मात्र खरं.

साइड इफेक्ट? आठवडाभर ठणका, कातडीवर जळजळ, क्वचित जंतुसंसर्ग. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगायचं. सोबत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते.

मेसेजखाली बी विंगमधल्या काकांनी नंबर मागितलाय. त्यांनीच लिहिलंय की उजवा पाय बधिर आहे, चप्पल निसटते. काका, हे सांध्याचं नाही, नस दबल्याचं लक्षण असू शकतं. नंबर राहू द्या, उद्या सकाळीच मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. आणि लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल. गाडी मी काढते.