सीए-१२५ नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहू नका

गेल्या महिन्यात रात्री अकराला वहिनीचा फोन आला. आवाज रडवेला. "सीए-१२५ एकसष्ट आलंय गं, नॉर्मल पस्तीसपर्यंतच असतं ना?" वहिनी ३८ वर्षांची, त्रास काहीच नाही. महिला मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला म्हणून टेस्ट केली, तीही पाळीच्या दुसऱ्या दिवशी. सीए-१२५ हे रक्तातलं प्रोटीन, अंडाशयाच्या कॅन्सरसाठी तपासतात. पाळीतही ते वाढू शकतं, हे मेसेजात कुठेही नाही.

मेसेज असा: "रक्तातल्या प्रोटीनवरून अंडाशयाचा कॅन्सर पहिल्या स्टेजलाच १०० टक्के कळतो. चाळिशीनंतर दरवर्षी सीए-१२५ करा. नॉर्मल आलं की निर्धास्त राहा. डॉक्टर हे लपवतात."

१०० टक्क्यांना थोडा आधार आहे, तेवढं मान्य करते. २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात एक पेपर आला. कॅन्सर असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या सिरममधल्या (रक्त गोठल्यावर वेगळं होणाऱ्या पाण्यातल्या) प्रोटीनचे आलेख मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या मशीनवर काढून ताडून पाहिले होते. कॅन्सरच्या ५० पैकी ५० जणी ओळखल्या, कॅन्सर नसलेल्या ६६ पैकी ६३. पण ती टेस्ट सीए-१२५ची नव्हतीच! आणि तीही टिकली नाही. २००४ मध्ये ह्यूस्टनचे संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि सहकाऱ्यांनी तोच डेटा तपासला. आलेखाच्या ज्या भागात प्रोटीन नसतं, नुसता मशीनचा गोंगाट असतो, त्यावरूनही दोन गट वेगळे पडत होते. म्हणजे फरक आजाराचा की नमुने हाताळण्याचा, हेच सांगता येईना.

मी लॅबमध्ये रोज सिरम वेगळं करते. लाल टोपणाची ट्यूब गोठायला ठेवली आणि गडबडीत सेंट्रिफ्यूजला (गरगर फिरवून सिरम वेगळं करणाऱ्या मशीनला) लावायला दोन तास उशीर झाला, तर त्यातली काही प्रोटीन तुटतात, पेशींमधली काही बाहेर येतात. एका गटाच्या ट्यूब अशा राहिल्या, तर कॅन्सरचा म्हणून दिसणारा फरक आमच्या टेबलावरच तयार होतो.

तरी त्या पेपरचे आकडे खरे धरू. कॅन्सर नसलेल्या ६६ पैकी ३ जणींना चुकून कॅन्सर दाखवला, म्हणजे शेकडा साधारण ५. पाळी गेलेल्या साधारण २,५०० बायकांत एकीला हा कॅन्सर असतो. तिला शोधताना सव्वाशे निरोगी बायकांना "कॅन्सर असेल" म्हणून सांगावं लागेल. त्यातल्या कितीजणींचं पोट उघडणार?

"दरवर्षी करा" याचं उत्तर ब्रिटनने दिलंय. ५० ते ७४ वयाच्या २ लाखांहून जास्त बायका, एका गटाला दरवर्षी सीए-१२५, दुसऱ्याला सोनोग्राफी, तिसऱ्याला काहीच नाही. २०२१ मध्ये निकाल आला. सीए-१२५च्या गटात लवकरच्या स्टेजचे कॅन्सर जास्त सापडले, पण मृत्यू कोणत्याच गटात कमी झाले नाहीत.

सगळ्यात घातक वाक्य "निर्धास्त राहा". पहिल्या स्टेजच्या जवळपास निम्म्या रुग्णांत सीए-१२५ नॉर्मलच असतं. पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की भरतंय, ओटीपोटात दुखतंय, सारखी लघवी होतेय, असं काही आठवडे चाललं तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी डॉक्टरकडे जा. आई-बहिणीला हा आजार झाला असेल, तर त्रास नसतानाही जा.

डॉक्टर लपवत नाहीत. उपचार लागू पडतायत का, हे बघायला ते हीच टेस्ट करतात. फक्त पोटाचा टीबी, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), फायब्रॉइड (गर्भाशयातल्या साध्या गाठी) यांतही सीए-१२५ वाढतं, हे त्यांना माहीत असतं.

वहिनीची सोनोग्राफी साफ निघाली. पाळीनंतरचं सीए-१२५ आलं १९. दोन्ही रिपोर्ट पाळीच्या तारखांसकट तिने त्याच ग्रुपवर टाकलेत.