“बरं, हा रंग कोणता सांग बघू!”

कुणी रंगांध आहे असं कळलं की आपला पुढचा प्रश्न ठरलेला असतो. शर्ट झाला की पडदा, पडदा झाला की समोर बसलेल्या काकूंची साडी. माझ्या मावसभावाची ही तोंडी परीक्षा दर लग्नात होते. तो हसून उत्तरं देतो, डोकं माझं फिरतं.

आधी एक सांगून टाकते, त्याला जग जुन्या सिनेमासारखं काळं-पांढरं दिसत नाही. तसं दिसणारे फारच विरळा. डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, त्यातल्या एका प्रकारात गडबड असली की बहुतेक वेळा लाल-हिरव्याचा घोळ होतो. दोष येतो एक्स गुणसूत्रावरून. मुलाला एक्स एकच, तोही आईकडून, म्हणून पुरुषांत हे प्रमाण बायकांपेक्षा कितीतरी जास्त. आमच्या मामालाही तेच आहे. ‘पोरगं मामावर गेलंय’ असं मावशी म्हणते ते अगदी शास्त्राला धरून आहे.

रंगांध माणसाची नजर कॅमेऱ्यातून दाखवणारी अ‍ॅप फुकट मिळतात. एकदा घेऊन बघाच. मी मे महिन्यात घेतलं आणि खिडकीतून गुलमोहराकडे धरलं. फुलं कुठली आणि पानं कुठली? सगळं झाड मातकट, मोहरीच्या छटेचं. मग स्वयंपाकघरात शिरले. पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो जवळजवळ भाऊ-भाऊ. देवघरात हळद जशीच्या तशी पिवळीधमक, कुंकू मात्र तपकिरी. पोपटी साडीचे केशरी काठ साडीतच विरघळले. निळं आभाळ तेवढं शाबूत. अ‍ॅप बंद केलं आणि ओट्यावरच्या कोथिंबिरीच्या जुडीकडे किती तरी वेळ बघत राहिले. एवढी हिरवी असते ती? रोज निवडते मी.

भाऊ टोमॅटो दाबून घेतो. सिग्नलला वरचा दिवा म्हणजे थांबा, हे त्याला पाठ आहे. रात्री एकच दिवा उघडझाप करत असला की मात्र पंचाईत. लहानपणी गवतात गेलेला लाल बॉल त्याला कधीच सापडायचा नाही, आम्ही त्याला आळशी म्हणायचो. शाळेत नकाशातलं जंगल तपकिरी रंगवलं म्हणून छड्या खाल्ल्या. खरं कारण कळलं ते थेट नोकरीच्या मेडिकलला, ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायच्या त्या इशिहारा चाचणीत. ती चाचणी १९१७ पासून आहे हो! पहिलीतच पोरांना दाखवायला काय हरकत आहे?

नियम नकोत असं माझं म्हणणं नाही. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडाजवळ दोन रेल्वेगाड्यांची टक्कर झाली. त्यानंतर होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने रेल्वेच्या लोकांना रंगीत लोकरीच्या लडी जुळवायला देऊन त्यांची नजर तपासायला सुरुवात केली. इंजिन चालवणाऱ्याला लांबून सिग्नल ओळखता यायलाच हवा, तिथे भावनेला जागा नाही. पण फिल्म एडिटिंग? पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटने रंगांध म्हणून एका मुलाला प्रवेश नाकारला, त्यासाठी त्याला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं आणि २०२२ मध्ये कोर्टाने प्रवेश द्या असं सांगितलं. ड्रायव्हिंग लायसन्सचे नियमही सौम्य ते मध्यम दोष असणाऱ्यांसाठी २०२० मध्ये सैल झाले. तेव्हा कुठे, नियम करताना दोष किती आणि काम कोणतं हे बघायला आपण शिकतोय.

आता ‘चष्मा घातला, रंग दिसले, माणूस ढसाढसा रडला’ छापाच्या रील्सबद्दल. ते चष्मे काही जणांना काही छटांमधला फरक वाढवून दाखवतात, बाकीच्यांसारखी नजर देत नाहीत. भावाला या रील्स पाठवू नका, त्याच्याकडे ढीग पडलाय. त्याच्या ऑफिसात कुणी असाल तर एक्सेलमध्ये नुसते लाल-हिरवे रकाने भरण्याऐवजी आत ‘झालं’ आणि ‘राहिलं’ एवढं लिहा. दर सोमवारी शेजारच्याला विचारून तो कंटाळलाय.