अभिनंदन, तुम्ही आता ऊर्जादाता झालात

शेतकरी बंधूंनो, आधी अभिनंदन घ्या. आजवर तुम्ही नुसते अन्नदाते होता, म्हणजे पोळ्याला आणि निवडणुकीला आठवण यायची, तेवढंच. आता प्रमोशन झालंय. गडकरीसाहेब कित्येक वर्षं सांगत होते की अन्नदाता ऊर्जादाता होणार, आणि झालातच की, 2014 ला पेट्रोलमध्ये ऊस-मक्यापासून काढलेलं इथेनॉल जेमतेम दीड टक्का होतं ते 2025 ला वीस टक्क्यांवर गेलं, 2030 चं टार्गेट पाच वर्षं आधी मारलं. एवढं मोठं पद मिळालंय म्हटल्यावर वागणंही तसंच पाहिजे. म्हणून हे चार शब्द सल्ल्याचे.

पहिलं म्हणजे ऊर्जादात्यानं हिशोब मागायचा नसतो. 2025-26 ची उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान भाव, टनाला 3550 रुपये हे पेपरात वाचायचं आणि पेपर घडी करून ठेवून द्यायचा. तो भाव सव्वादहा टक्के रिकव्हरीला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तर आहे, हा पाया आधी साडेनऊ होता, मग दहा झाला, मग सव्वादहा, भाव वर जातो तसा पायाही गुपचूप वर सरकतो, पण आपण त्यात पडायचं नाही. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होणार. वर तोडणीच्या टोळीला खुशाली, ट्रॅक्टरवाल्याला एन्ट्री म्हणून वरचे पैसे, ती रक्कम कुठल्याच पावतीवर नसते आणि नसावीच, दानाची पावती मागतं का कोणी? आणि उसाच्या रसाच्या इथेनॉलला लिटरमागं 65 रुपये 61 पैसे मिळतात त्यात माझं काय, असला प्रश्न तर तोंडातून काढूच नका. गेटच्या आत गेल्यावर तुमचा ऊस साखर होतो, मळी होतो, बगॅसची, म्हणजे चिपाडाची, वीज होतो, इथेनॉल होतो. गेटच्या बाहेर, तुमच्या बिलात, तो फक्त ऊस असतो.

एक कबूल करायला पाहिजे, ऑइल कंपन्यांकडून इथेनॉलचे पैसे लवकर येतात म्हणून बिलं पूर्वीसारखी वर्ष-वर्ष रखडत नाहीत. पण म्हणून लगेच डोक्यावर बसायचं नसतं. 14 दिवसांत पैसे नाहीतर 15 टक्के व्याज असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय, असू द्या लिहिलेलं. राज्य सरकारनं 2022 ला एफआरपी दोन हप्त्यांत द्यायचा जीआर काढला तर तुमचे नेते थेट कोर्टात, आणि मार्च 2025 ला हायकोर्टानं तो रद्दही केला. शोभतं का हे ऊर्जादात्याला?

दुसरं, नळ दिल्लीत आहे हे लक्षात ठेवा. सुरुवातीला इथेनॉल करा म्हणून व्याजात सवलत दिली, कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या, आणि 2023 ला पाऊस कमी झाला, साखर महागायची भीती, पुढं लोकसभा, मग 7 डिसेंबरला ऐन गाळपात हुकूम निघाला की रसापासून इथेनॉल बंद. आठवडाभरानं थोडी आटी सोडली, 17 लाख टन साखरेपुरती. नोव्हेंबर 2024 पासून परत मोकळं. आता तुमचा आडसाली ऊस अठरा महिने रानात उभा असतो आणि धोरण आठवड्याला बदलतं, तर चूक उसाचीच म्हणायची, त्यानं जरा लवकर वाढायला शिकलं पाहिजे.

ऊस नको वाटत असेल तर मका करा. हा माझा सल्ला नाही, सगळ्यांचाच होता. रसावर बंधन आलं तसा मक्याच्या इथेनॉलला लिटरला 71 रुपये 86 पैसे भाव मिळाला, मका तेजीत आला, आणि तुम्ही चार पैसे बघायच्या आत कोंबडीवाले ओरडले की खाद्य महागलं, झालं, जो देश मका विकायचा त्यानं 2024 ला म्यानमार आणि युक्रेनहून मका आणला. तरी तुम्ही शहाण्यासारखं 2025 च्या खरिपाला मक्याखाली रान वाढवलंत, कापूस मोडून, सोयाबीन मोडून, आणि माल बाजारात आला तेव्हा हमीभाव 2400 चा आणि कित्येक बाजार समित्यांत बोली दोन हजाराच्या आत. का, तर माल जास्त आला, हे एक. दुसरं म्हणजे सरकारनं जानेवारी 2025 ला गोदामातला तांदूळ डिस्टिलरीसाठी 2800 वरून 2250 रुपये क्विंटलवर आणून ठेवला. तो तांदूळ सरकारलाच पडतो चार हजाराच्या आसपास. म्हणजे मक्याच्या हमीभावापेक्षा तांदूळ स्वस्त! तुम्ही डिस्टिलरीचे मालक असता तर काय घेतलं असतंत? मग तिथल्या माणसावर कशाला चिडायचं.

सोयाबीनवाल्यांनी म्हणू नये की आमचा यात संबंध काय. मक्याचं, तांदळाचं इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात, तो प्रथिनाचा असतो आणि स्वस्त असतो, तो पोल्ट्रीत जातो आणि सोयापेंडीचं गिऱ्हाईक कमी होतं. 2025-26 ला 5328 हमीभाव असलेलं सोयाबीन हजार-हजार रुपये खाली का विकावं लागलं, त्याची जी पाच-सहा कारणं आहेत त्यात हे एक आहे. तेव्हा लातूर-हिंगोलीच्या भावांनो, एक लिटर इथेनॉल न बनवता तुम्हीही ऊर्जादाते आहात. छातीवर बिल्ला लावा.

पाण्याचं नाव काढायचं नाही. नीती आयोगाच्याच 2021 च्या अहवालात आहे की उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे जवळपास 2860 लिटर पाणी. लातूरला 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, त्याच मराठवाड्यात कारखान्यांची धुराडी मोजत बसा. आणि उद्या तुमच्या शिवाराला लागूनच इथेनॉलचा प्लांट आला तर आनंद माना. पंजाबात झिऱ्याला लोक बोअरचं पाणी नासतंय म्हणून महिनोन्‌महिने धरणं धरून बसले, राजस्थानात टिब्बीला डिसेंबर 2025 ला शेतकऱ्यांनी कारखान्याची भिंतच पाडली. त्यांना बहुतेक प्रमोशनचं पत्र पोचलं नसावं.

पंपावर गेल्यावर मात्र ताठ मानेनं उभं राहा, राव. तुमच्याच रानातला माल तुमच्याच फटफटीत पडतोय, लिटरला शंभराच्या वर. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशानं कमी, म्हणून गाडी थोडी कमी पळते, ते ॲव्हरेज मोजत बसायचं नाही. पेट्रोल स्वस्त का नाही झालं हे पंपावरच्या पोराला विचारू नका, त्याला माहीत नसतं.

आता ह्या वर्षी काय पेरायचं ते विचारताय? 2025-26 साठी ऑइल कंपन्यांनी मागितलं साधारण 1050 कोटी लिटर, डिस्टिलऱ्या द्यायला तयार होत्या 1776 कोटी. म्हणजे कारखाने जास्त झाले, टाकी लहान पडली. त्यावर उपाय म्हणून वीसच्या पुढं सत्तावीस टक्क्यांची चर्चा चालू आहे, ते झालं की तुमच्या मालाला परत मागणी येईल, परत भाव येईल, मग परत कोणीतरी ओरडेल. तोपर्यंत मका घरातच राहू द्या. फक्त ओल 14 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, खरेदी केंद्रावरून ट्रॉली परत पाठवतात.