कॉफीच्या कुळातलं आहे, म्हणून कॉफीसारखं?

क्रॅटम या झाडाच्या पानांच्या पावडरीबद्दल एक मजकूर बरेच दिवस फिरतो आहे. थोडक्यात असा: 'क्रॅटम हे कॉफीचंच भावंड. पूर्ण नैसर्गिक, लोक पिढ्यानपिढ्या पानं चघळत आलेत. सवय लागलीच तर कॉफीइतकी. यानं आजवर कुणी मेलेलं नाही.' यातलं पहिलं वाक्य खरं आहे आणि उरलेली त्याच्या पुण्याईवर खपतात. म्हणून आधी तेच पाहू.

'कॉफीचंच भावंड.' क्रॅटम, म्हणजे मिट्रॅगायना स्पेसिओसा, हे आग्नेय आशियातलं झाड रुबिएसी कुळातलं, म्हणजे कॉफीच्याच कुळातलं आहे. पण या कुळात सुमारे 13,000 जाती आहेत. कदंब त्यात, मंजिष्ठा त्यात, सिंकोनाही त्यातच. समोरासमोर येणारी पानं, देठांच्या मधली उपपर्णं, फुलाची ठेवण आणि आता डीएनए, यांवरून कुळ ठरतं. झाड पोटात गेल्यावर माणसाचं काय होईल, हा निकष त्यात कुठेच नाही. बटाटा आणि धोतरा एकाच कुळातले, म्हणून धोतऱ्याची भाजी कुणी करत नाही.

बरं, कॅफिन तरी या कुळाची मिरासदारी आहे का? चहा, कोको, ग्वाराना या सगळ्यांत ते असतं आणि यांतलं कुणीच कॉफीच्या कुळातलं नाही. उलट कॅमेरूनमधली कॉफिया चॅरिएरियाना ही 2008 मध्ये नाव मिळालेली जात खुद्द कॉफीची, पण तिच्या बियांत कॅफिन नाही. क्रॅटमच्या पानातही नाही.

मग पान चघळल्यावर तरतरी कशी येते? इथे त्या मजकुराच्या बाजूनं थोडं बोलायला हवं. थायलंड आणि मलेशियातले कष्टकरी अंगमेहनतीचा शीण घालवायला ही पानं चघळत आले आहेत, आणि कमी मात्रेत क्रॅटम खरोखरच उत्तेजक वाटतं. पण वाट वेगळी आहे. कॅफिन मेंदूतल्या ॲडेनोसिन या थकवा कळवणाऱ्या द्रव्याच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते द्रव्य जिथे चिकटतं त्या जागेवर, अडवून बसतं, म्हणून थकल्याची जाणीव उशिरा होते. क्रॅटममधलं मुख्य अल्कलॉइड, म्हणजे झाडात तयार होणारं प्रभावी द्रव्य, मिट्रॅगायनिन. ते जाऊन बसतं म्यू-ओपिऑइड रिसेप्टरवर, जिथे अफूतलं मॉर्फिन बसतं. त्याचा परिणाम मॉर्फिनइतका पुरता नसतो हे खरं. पण यकृतात त्याच्यापासून 7-हायड्रॉक्सीमिट्रॅगायनिन (थोडक्यात 7-हायड्रॉक्सी) तयार होतं, आणि ते मूळ रेणूपेक्षा बरंच जोरकस. मात्रा वाढली की तरतरी मागे पडते आणि गुंगी पुढे येते.

'पूर्ण नैसर्गिक.' यावर उत्तर द्यायला कुळाबाहेर जायची गरजच नाही. याच कुळातलं इपेकॅक घ्या. या झुडपाच्या मुळातून 1817 मध्ये पेलेतिए आणि मॅजेंदी या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ओकारी आणणारं एमेटिन वेगळं केलं. विषारी काही गिळलं तर ओकारी व्हावी म्हणून इपेकॅकचं सिरप अमेरिकेत घरोघरी ठेवलेलं असे. 2003 मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं ते घरी वापरू नका, असलेलं टाकून द्या, असं सांगितलं. आणि एमेटिन हृदयाच्या स्नायूला इजा करतं. वजन उतरवायला हे सिरप वारंवार पिणाऱ्यांपैकी काहींचे त्यानं जीव गेले आहेत. रोप नैसर्गिक, मूळ नैसर्गिक, इजाही नैसर्गिकच म्हणायची.

सिंकोनाच्या सालीची गोष्ट तर याहून बोलकी. तिच्यातून 1820 मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू यांनी क्विनीन काढलं आणि हिवतापाला मोजून द्यायचं औषध मिळालं. त्याच सालीत क्विनिडिनही असतं. दोघांतले अणू तेच आणि तितकेच, फरक फक्त त्यांच्या त्रिमितीय मांडणीत. तरी क्विनिडिन हृदयाची अनियमित लय सुधारायला वापरलं गेलं. एका सालीतले, जवळजवळ एकसारखे दोन रेणू इतके वेगळे वागतात, तर 13,000 जातींचं कुळ एकसारखं वागेल अशी अपेक्षा कुठून आली? क्विनीन जास्त झालं की कानात आवाज येतात, दृष्टी अंधुक होते, हृदयाची लय बिघडू शकते.

'पिढ्यानपिढ्या चघळतात' हे ताज्या पानांबद्दल. पावडर, घट्ट अर्क, 7-हायड्रॉक्सीच्या गोळ्या यांना ती परंपरा लागू होत नाही. पानात हे 7-हायड्रॉक्सी नावापुरतंच असतं. गोळीत तेच मुख्य असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2025 मध्ये नियंत्रणाची शिफारस केली ती याच गोळ्यांसारख्या मालावर, पानावर नाही. (कॉफीचंही तेच. शुद्ध कॅफिनची पावडर एक छोटा चमचा म्हणजे सुमारे 28 कप कॉफी, असा इशारा याच प्रशासनानं दिलेला आहे.)

'सवय कॉफीइतकी.' कॉफी सोडली की डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि आठवडाभरात बहुतेक सगळं निवळतं. रोज मोठ्या मात्रेत क्रॅटम घेणाऱ्यांनी ते थांबवलं की अंगदुखी, वाहतं नाक, जुलाब, झोप उडणं, अस्वस्थता अशी अफूच्या वर्गातली लक्षणं दिसतात. गरोदरपणात क्रॅटम घेतलेल्या आयांच्या नवजात बाळांत ती लक्षणं आढळल्याच्या नोंदी आहेत. काही रुग्णांना ते सोडवायला डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे अफूवर्गीय व्यसन सोडवायचं औषध, दिलं आहे. कॉफी सोडवायला ते कुणी देत नाही.

'कुणी मेलेलं नाही.' अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं जुलै 2016 ते डिसेंबर 2017 मधले अतिमात्रेचे 27,338 मृत्यू तपासले. 152 जणांच्या शरीरात क्रॅटम सापडलं आणि त्यांपैकी 91 जणांच्या बाबतीत ते मृत्यूच्या कारणांत नोंदवलं गेलं. हे 91 एकट्या क्रॅटमच्या माथी मारणंही चूक ठरेल. बहुतेकांच्या शरीरात इतर द्रव्यंही होती, त्यांत फेंटानिल हे अतिशय जोरकस अफूवर्गीय द्रव्य सर्वाधिक. पण मिट्रॅगायनिन यकृतातल्या सीवायपी2डी6 या विकराला (एन्झाइमला) अडवतं, आणि कितीतरी वेदनाशामकं व नैराश्यावरच्या गोळ्या याच विकराच्या वाटेनं शरीराबाहेर पडतात. वाट अडली की त्या शरीरात साचू शकतात. त्यामुळे दुसरं औषध चालू असलेल्या माणसाला 'कॉफीच तर आहे' असं सांगून ही पावडर देणं जास्त धोक्याचं आहे, आणि हा मजकूर नेमका अशाच लोकांना वेदनेवरचा उपाय म्हणून पाठवला जातो.