खिशात पत्त्यांचा कॅट ठेवा हो, आजोबा!

आज संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर एक आजोबा आणि सातेक वर्षांची नात बसली होती. नात मोबाईलमध्ये, आजोबा तिच्या खांद्यावरून डोकावत. बराच वेळ एक शब्द नाही. बॅटरी संपली तेव्हा आजोबांनी विचारलं, "आता काय करायचं गं?" ती म्हणाली, "घरी चला, चार्जर आहे." पोटात तुटलं अगदी.

पोरीचा राग नाही आला. राग आला तो "जरा वेळ गप्प बसेल" म्हणून तिच्या हातात मोबाईल कोंबणाऱ्यांचा. आणि वर हेच म्हणणार, पत्ते म्हणजे जुगार! लोक पैसे लावतात, मान्य. पण बदाम सात खेळून कुणाचं घर बुडालं?

चार-पाच वर्षांचं पोर असेल तर भिकार-सावकार. कॅट निम्मा-निम्मा वाटायचा, पत्ते उपडे, आळीपाळीने एकेक सुलटा टाकायचा. आधीच्या पत्त्याशी जोडी जमली की सगळा ढीग आपला. हातात पत्ते धरायला नकोत, डोकं चालवायला नको.

सहा-सात वर्षांपासून बदाम सात. चौघांत प्रत्येकी 13 पत्ते. बदाम सत्तीने सुरुवात, मग तिच्या वर अठ्ठी, खाली छक्की, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती. पत्ता असेल तर लावायचाच, नसेल तरच पास. ज्याचे आधी संपले तो सुटला. बाकीच्यांच्या हातातल्या पत्त्यांची बेरीज करायची, एक्क्याला 1, राजाला 13. ती बेरीज पोरांनाच करू द्या.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, चिमुकल्या हातात 13 पत्ते मावत नाहीत, सगळ्यांना दिसतात आणि रडारड होते. कपडे धुवायचा ब्रश उलटा ठेवा आणि त्याच्या केसांत पत्ते उभे खोचा. झालं काम. दुसरं, मोठी माणसं सत्ती अडवून बसतात. नियमात बसतं ते, पण पोराला सलग तीनदा पास म्हणावं लागलं की डाव उधळलाच. पहिला आठवडा अडवू नका. पुढे पोरगंच तुम्हाला अडवेल, बघा.

आजीला बारीक आकडे दिसत नाहीत? मोठ्या आकड्यांचे पत्ते मिळतात, तेच आणा. पावसाळ्यात आपल्या मुंबईच्या दमट हवेत कागदी पत्ते चिकटतात आणि वाटताना दोन-दोन जातात. चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरवून पिसा. आणि पंख्याच्या थेट खाली चटई टाकू नका.

दहाच्या पुढचं पोर आणि आजोबा असे दोघंच असतील तर सात-आठ. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत 28 आणि दोन सत्त्या, असे 30 पत्ते, प्रत्येकी 15. हुकूम, म्हणजे सगळ्यांवर भारी पडणारा रंग, बोलणाऱ्याने 8 हात, म्हणजे फेऱ्या, जिंकायचे, दुसऱ्याने 7. जितके कमी पडले, पुढच्या डावात समोरचा तेवढे हात ओढतो, म्हणजे तेवढे पत्ते त्याच्या हातातून काढून घेतो. नातवंडाने आजोबांचे हात ओढले ना, की त्या घरात जो आरडाओरडा होतो, तो ऐकायला मिळावा प्रत्येक घरात.

परदेशातल्या नातवंडांचं तोंड मोबाईलवरच दिसतं, कबूल. पण कट्ट्यावरची ती नात तर मांडीला मांडी लावून बसली होती!

कट्ट्यावर मात्र बदाम सात मांडू नका, समुद्राच्या वाऱ्याने पत्ते उडतात. तिथे गुलामचोर बरा, कारण पत्ते हातातच राहतात. जोड्या काढून खाली टाकायच्या आणि त्यांवर चप्पल ठेवायची. मग आळीपाळीने एकमेकांच्या हातातला एकेक पत्ता ओढायचा. शेवटी ज्याच्याकडे गुलाम उरला तो चोर.

त्या आजोबांना कुणी ओळखत असेल तर एवढा निरोप द्या. तीन गुलाम घरी काढून ठेवा आणि बाकीचे 49 पत्ते खिशात घालून उद्या या.