टीव्हीच्या चौकटीबाहेर राहिलेले दोन सेफ्टी

अमेरिकन फुटबॉल टीव्हीवर पाहताना माझी एक तक्रार वर्षानुवर्षे कायम आहे. स्नॅपपूर्वी, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याआधी, दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात, तेव्हा कॅमेरा चेंडूच्या इतका जवळ असतो की बचावाच्या मागे खोलवर उभे असलेले दोन सेफ्टी, म्हणजे मैदानाचा मागचा भाग राखणारे खेळाडू, बहुतेक वेळा दिसतच नाहीत. आक्रमण चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची नजर मात्र आधी त्यांच्याकडेच जाते. दोघेही खोल असतील, तर लांबचा पास अवघड होतो, पण चेंडू घेऊन धावणाऱ्याला रोखायला पुढे माणसे कमी उरतात. त्यांच्यातला एक पुढच्या फळीच्या लगेच मागे असलेल्या लाइनबॅकरांजवळ आला, तर पुढची फळी भक्कम होते आणि मागच्या सगळ्या मैदानाची राखण एकट्यावर येऊन पडते.

मी पहिल्यांदा स्टेडियममध्ये अगदी वरच्या रांगेत बसलो, तेव्हा हे सारे उघड्या डोळ्यांनी पाहिले. एक सेफ्टी पुढे येऊन उभा होता. क्वार्टरबॅक हातवारे करत आपल्या खेळाडूंना काही सांगत होता, आणि नेमका स्नॅपच्या क्षणी तो सेफ्टी पाठ फिरवून मागे धावत सुटला. पास हवेत होता तोवर तो तिथे पोहोचलाही होता. घरी बसलेल्या प्रेक्षकाला तो एखाद्या चुकलेल्या पाससारखा वाटला असेल.

असा चकवा बचावालाच का साधतो, याचे उत्तर नियमांत आहे. आक्रमणाचे किमान 7 खेळाडू चेंडूजवळच्या, दोन्ही संघांमधल्या रेषेवर असावे लागतात, स्नॅपपूर्वी सर्वांनी एक सेकंद स्थिर राहावे लागते आणि स्नॅपच्या क्षणी फक्त एकालाच हलता येते, तेही पुढच्या दिशेने नाही. बचावाला मात्र आपल्या बाजूला कुठेही, कितीही फिरण्याची मोकळीक असते. त्या एका हलत्या खेळाडूचा उपयोग म्हणूनच मला फार सुंदर वाटतो: रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाला आणि समोरचा माणूस त्याच्यामागे गेला, तर बहुधा माणसाला माणूस लावलेला आहे, सगळे जागच्या जागी राहिले, तर बहुधा प्रत्येकाने आपापला इलाखा वाटून घेतला आहे.

शॉटगन रचनेचा इतिहासही हेच सांगतो. 1961 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक रेड हिकी यांनी क्वार्टरबॅकला सेंटरपासून, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूपासून, काही यार्ड मागे उभी करणारी ही रचना वापरून डेट्रॉइटला 49-0 असे हरवले. पुढे शिकागो बेअर्सने आपला लाइनबॅकर बिल जॉर्ज याला थेट सेंटरसमोर आणले. मागे लांब चेंडू देण्यासाठी सेंटरला मान खाली घालून पायांमधून पाहावे लागे, आणि त्याची मान वर येण्याआधीच जॉर्ज त्याला ओलांडून गेलेला असे. बेअर्सने तो सामना 31-0 असा जिंकला. एक माणूस दोन पावले पुढे आला आणि त्या मोसमात सर्वांना कोड्यात टाकणारी रचना निष्प्रभ झाली. 1975 मध्ये डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी ती पुन्हा वापरात आणली आणि आज ती जवळपास प्रत्येक संघाकडे आहे.

सर्व 22 खेळाडू दाखवणारे चित्रण एनएफएल या व्यावसायिक लीगकडे असतेच; 2012 पासून ते सामना संपल्यावर पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांना पाहता येते. माझी मागणी एवढीच आहे की, स्नॅपपूर्वीची पाच-सहा सेकंदे प्रशिक्षकांचे चेहरे दाखवण्यात न घालवता कॅमेरा वर आणि मागे न्यावा, आणि समालोचकांनी तेव्हाच, खेळ सुरू होण्याआधी, सेफ्टी कुठे आहेत ते सांगावे.